बावटा उतरला काय?

काळं कुत्रं पिसाळलंय असं सगुणाबायने भोंग्यावरून सांगितलं, त्या दिवशी आमच्या गावातल्या प्रत्येक घराच्या दारात काठी उभी राहिली. दोन-तीन दिवसांनी सकाळचा मासळीचा लिलाव संपता संपता भोंगा पुन्हा खरखरला. "मी पोलीस पाटील बोलते. काल्या कुत्र्याचं सांगितलेलं, ते पिसाळलेलं न्हाय. गालात काटा रुतलेला, म्हनून लाळ गळत व्हती. काटा काढलाय. कुत्र्याचा बावटा उतरला. काठ्या घरात ठेवा." जेटीवर हशा पिकला. ते कुत्रं पुढे बरीच वर्षं जगलं आणि गावभर त्याचं नाव 'उतरलेला' असंच पडलं.

सगुणाबायची ही खोड होती. दिलेली कोणतीही सूचना ती उघडी ठेवत नसे. पाणी येणार नाही असं सांगितलं, तर पाणी आल्यावर तेही सांगायची, मग हंडे आधीच भरून का वाहत असेनात. कुणाची शेळी हरवल्याचं सांगितलं, तर सापडल्याचं सांगायची, आणि नाही सापडली तर नाही सापडल्याचंही. गावात तिची नक्कल करणारी पोरं होती. बायकोशी भांडण मिटलं की माणसं एकमेकांना सांगत, "आमचा बावटा उतरला."

ज्यांनी किनारा लांबूनच पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. दर्यात वादळ उठणार असलं की बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. तो दिसला की होड्या आत येतात, आणि बाहेर असलेल्यांच्या घरी चूल पेटत नाही. वादळ आलं किंवा दुसरीकडे वळलं, की बावटा उतरतो. मग माणसं पुन्हा समुद्रात जातात. वादळ आलंच नाही म्हणून बावटा चढवणाऱ्याला कुणी शिव्या देत नाही. पण चढवून विसरला, तर मात्र गाव त्याच्या दारात जाऊन बसेल. सगुणाबाय म्हणायची, "चढवनारा कुनी पन असतो. उतरवनारा जबाबदार असतो."

ती कोळ्यांची. आमचं गाव म्हसळ्याच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. खाली कोळीवाडा, वर डोंगराच्या पायथ्याशी आमची बौद्धवाडी, खाडीपलीकडे मोहल्ला. नवरा गेल्यावर सगुणाबाय मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरली, आणि फिरता फिरता बाहेरून दहावी झाली. पोलीस पाटलाची जागा निघाली तेव्हा कोळीवाड्यातल्या मिशाळ उमेदवारांबरोबर परीक्षेला बसली आणि पहिली आली. उंचीने बेताची, आवाजाने प्रचंड. दातांना मिश्री, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पोलीस ठाण्यात बैठक असली की इस्त्रीचं पाचवारी नेसायची, आणि परत येताच ते सोडून काष्टा घालायची. "त्या लुगड्यात मी दुसऱ्याचीच वाटते," म्हणायची. तापट होती. एकदा तिने ग्रामसेवकाला ओल्या जाळ्यावर बसवून ठेवलं होतं, कारण त्याने उत्तराला 'बघू' म्हटलं. 'बघू' हा शब्द तिला शिवीसारखा लागायचा.

आमच्या घराचं आणि तिचं नातं पत्रकांमुळे जुळलं. माझे वडील खताच्या कारखान्यात कामगार होते आणि युनियनची, चळवळीची पत्रकं आमच्या माळ्यावर गठ्ठ्यांनी पडलेली असत. मी वाचायला शिकलो तो त्यांच्यावरच. 'बंधू-भगिनींनो' हा मी जोडून वाचलेला पहिला शब्द. पुढे मीही पत्रकं लिहू लागलो आणि लिलावाच्या गर्दीत वाटू लागलो. सगुणाबाय प्रत्येक पत्रक वाचायची, मग त्यातच सुका जवळा बांधून गिऱ्हाइकाला द्यायची. मला ती 'पत्रक्या' म्हणायची. "पत्रक्या, आज कुनाला पाडलंस रं?"

आमच्या जेटीवर एक रीत आहे. ती कुणी लिहिलेली नाही आणि शिकवावीही लागत नाही. होडी धक्क्याला येताना पुढच्या माणसाने दोर फेकला, की जेटीवर जो कुणी उभा असेल त्याने तो झेलायचा आणि खुंट्याला बांधायचा. होडी कुणाची आहे हे बघायचं नाही. कोर्टात दावे चालू असलेल्या भावांनी एकमेकांचे दोर धरलेले मी पाहिलेत. दोर बांधून झाल्यावर भांडण पुढे सुरू करायला मोकळीक असते. पण आधी दोर.

हे सांगितलं, कारण मागच्या निवडणुकीत हा दोरच तुटायला आला होता.

प्रचाराला रंग चढला होता. ठाण्यात किनाऱ्यावरच्या सगळ्या पोलीस पाटलांना बोलावून इशारा वाचून दाखवला गेला. समुद्रमार्गे घातपाताची शक्यता आहे, संशयास्पद होडी, अनोळखी माणूस दिसल्यास कळवावं. सगुणाबायने तो परत येऊन भोंग्यावरून शब्दाला शब्द सांगितला. स्वतःचं एक अक्षर घातलं नाही. जेटीच्या तोंडाशी एक खुर्ची आली, खुर्चीवर शिपाई आला, रस्त्यावर नाकाबंदी लागली.

आणि दुसऱ्याच दिवशी प्रचाराची रिक्षा आली. तिच्यावरच्या भोंग्यातून तोच इशारा ऐकू येत होता, पण आता त्याला शेपूट फुटलं होतं. शत्रू खाडीत आहे, शत्रूला आसरा देणारे आपल्या शेजारी आहेत, म्हणून अमक्या चिन्हासमोरचं बटण दाबा. ठाण्यात बंद दाराआड वाचलेला कागद एका रात्रीत उमेदवाराच्या रिक्षापर्यंत कसा पोचतो, हा प्रश्न मला आजही पडतो. माणसाच्या पोटात भीती पेरायची आणि मतपेटीत तिचं पीक काढायचं, यापेक्षा हलकट शेती दुसरी नाही. मी तेव्हाही हे म्हणत होतो, आजही म्हणतो.

सगुणाबायने रिक्षा अडवली. ड्रायव्हर बिचारा तळा तालुक्यातला, रोजावर आलेला. त्याला तिने विचारलं की इशारा सरकारचा आहे का पक्षाचा. तो म्हणाला, मला पेनड्राइव्ह दिलाय, मी वाजवतोय. तेवढ्यात तिचा दीर अनंता आला. तो त्या पक्षाचा गावातला मुख्य माणूस, मच्छीमार सोसायटीत वजन असलेला, दोन होड्यांचा मालक. तो म्हणाला, "वहिनी, लोकांना सावध केलं तर बिघडलं कुठं? तुमचंच काम करतो."

"माझं काम मी करते, भावजी. तुमी तुमचं चिन्ह वाजवा. सरकारचा इशारा वाचायचा तर आदी सरकारी नोकरीत लागा."

लोक हसले, रिक्षा निघून गेली. पण शेपूट मागे राहिलं ते राहिलंच.

हसनमिया पलीकडच्या मोहल्ल्यातले. वडिलांच्या काळापासून त्यांची मासळी आमच्याच जेटीवर लिलावाला येते, कारण मोहल्ल्याच्या बाजूला गाळ आहे, होडी लागत नाही. पांढरी दाढी, बोलणं कमी. कोळीवाड्यातल्या लग्नात सुरमई त्यांच्या घरची, हा जुना शिरस्ता. त्या सकाळी त्यांची होडी आली. जेटीवर माणसं होती, नेहमीइतकीच होती. हसनमियांच्या पोराने दोर फेकला. तो जेटीवर पडला, क्षणभर तिथेच राहिला, आणि मग घसरत घसरत पाण्यात गेला. कुणी हात पुढे केला नाही.

मी वरच्या उतारावरून हे पाहिलं. धावलो, पण अंतर होतं. हसनमिया होडीत उभे होते. त्यांनी पोराच्या हातून दोर घेतला, तो ओढून वर काढला, पिळला आणि म्हणाले, "होडी तपासायची तर खुशाल तपासा. पन दोर तरी धरा. माझ्या बापाचा पन धरलाय तुमी."

शिपाई खुर्चीवरून उठला, पण काय करावं ते त्याला कळेना. लिलावाच्या गर्दीतून सगुणाबाय आली. हातातली पाटी तिने खाली ठेवली आणि हात पुढे केला. "टाका." दोर आला, तिने झेलला, खुंट्याला दोन वेढे मारले आणि गाठ घातली. मग मागे वळून माणसांकडे पाहिलं. शिवी देईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "आता तपासनी."

मला धक्का बसला. मला वाटलं होतं ती आता भाषण करील, हसनमियांच्या बाजूने उभी राहील. ती सरळ त्यांच्या होडीत उतरली. बर्फाच्या पेट्या उघडल्या, जाळी उपसली, इंजिनाची फळी उचलली. हसनमिया दाढीला हात लावून बघत राहिले. वर येऊन तिने मोठ्याने सांगितलं की या होडीत मासळी आहे, बर्फ आहे आणि एक फुटका रेडिओ आहे. मग म्हणाली, "इशाऱ्यात कुनाचं नाव न्हाय, कुनाची जात न्हाय. होडी म्हटलंय. मंजे समद्या होड्या. चला."

त्या दिवशी तिने एकूण एक होडी तपासली. लिलाव खोळंबला, बर्फ वितळला, मुंबईचा टेम्पोवाला बोंबलून बोंबलून दमला. कोळीवाड्यातल्या मोठमोठ्या नाखव्यांना फळ्या उचलाव्या लागल्या. घातपाताचं सामान कुठेच मिळालं नाही. मिळाली ती अनंताच्या होडीत जाळ्याखाली, बायकोपासून लपवलेली एक बाटली. सगुणाबायने ती दोन बोटांत धरून उंच केली. "भावजी, ही संशयास्पद वस्तू. मालक कोन?" अनंताची बायको लिलावातच बसलेली होती. त्या बाटलीचं पुढे काय झालं हे सांगायची गरज नाही, पण त्या हशामध्ये जेटीवरचा ताण थोडा सैल झाला. थोडाच. लिलावात हसनमियांच्या मासळीला बोली उशिराच लागली आणि कमीच लागली. संशय फळीखाली ठेवलेला नसतो, म्हणून तपासून सापडत नाही आणि जातही नाही.

त्याच रात्री मी पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'हा इशारा खोटा आहे.' छापायला देण्याआधी सकाळी तिला दाखवलं. तिने बोंबील वाळत घालता घालता ते वाचलं.

"तुला म्हाईत हाय, खोटा हाय म्हनून?"

मी म्हणालो की वेळ बघा ना बाय, नेमकं निवडणुकीत कसं येतं हे?

"मी तेच इचारते. तुला म्हाईत हाय का तुला वाटतंय?"

मी चिडलो. म्हणालो की तुम्ही सरकारच्या बाजूने बोलताय. ती शांतपणे म्हणाली की याच किनाऱ्यावर एकदा खरोखर पेट्या उतरल्या होत्या. तेव्हा ती तरुण होती. मुंबईत स्फोटांत माणसं मेल्यावर इथल्या गावांना कळलं त्या पेट्यांत काय होतं. "तवा कुनी बावटा चढवला असता तं बरं झालं असतं. मंग आता चढवला तं खोटा कसा म्हनू? उद्या खरा निघाला तं तुझ्या पत्रकात मी जवळा पन बांधनार न्हाय."

"मग गप्प बसू?"

"गप कोन बोललं? जे म्हाईत न्हाय ते सांगू नको, इचार. सांगनाऱ्याला लोक इसरतात. इचारनारा डोक्यात ऱ्हातो."

मी मथळा बदलला नाही. मी ते पत्रक छापलंच नाही. कारण तिच्या समोर बसून मला दुसरा मथळा सुचेना, आणि पहिल्यावरचा माझा विश्वास तिने बोंबलांबरोबर दोरीवर टांगून ठेवला होता.

मतदान झालं. त्या दिवशी सकाळी जेटीवरची खुर्ची उचलून मतदान केंद्रावर नेली, ती परत आली नाही. शिपाई आला नाही. नाकाबंदीचे लोखंडी कठडे रस्त्याच्या कडेला आडवे पडले आणि त्यांच्यावर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्या. रिक्षा गेली, शत्रूही गेला. किनारा होता तसाच उघडा पडला होता. फक्त इशारा कुणी उतरवला नव्हता, आणि हसनमियांचा दोर अजून एकटी सगुणाबायच धरत होती. बाकीचे तोवर बिडी पेटवायला वळलेले असत.

ती ठाण्यात गेली. मला बरोबर घेतलं. पाचवारी नेसली होती. साहेब भला माणूस होता, त्याने चहा सांगितला. तिने विचारलं की इशारा उतरला का. तो म्हणाला, वरून आला होता तो आपण सांगितला, उतरल्याचं वरून काही आलेलं नाही.

"मंजे धोका हाय."

"तसं नाही, पाटीलबाई."

"मंजे न्हाय."

साहेब हसला. म्हणाला की अशा गोष्टी संपल्या असं कुणी सांगत नसतं, या बाबतीत कायम सावध राहायचं असतं.

"कायम सावद ऱ्हायचं तं खुर्ची कायम का न्हाय, साहेब? धोका हाय तं शिपाई द्या. न्हाय तं मला भोंग्यावरून सांगू द्या की न्हाय. गुप्त असंल ते गुप्त ऱ्हाऊ दे. मी नाव मागत न्हाय, गाव मागत न्हाय. हाय का न्हाय, येवढंच."

साहेबाने खिडकीबाहेर पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "माझ्या हातात असतं तर सांगितलं असतं, बाई." माझ्या सगळ्या पत्रकांनी मिळून जे सिद्ध केलं नसतं, ते त्या माणसाच्या खालच्या आवाजाने सिद्ध केलं. धोका खरा असेल, तर मतदानाच्या सकाळी त्यांनी किनारा वाऱ्यावर सोडला. खरा नसेल, तर महिनाभर आमच्या शेजाऱ्याला वाऱ्यावर सोडलं. तिसरं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

परतीच्या एसटीत मी पेटलो होतो. म्हणालो, बाय, या लोकांना पुढच्या वेळी पाडलंच पाहिजे. ती खिडकीतून खाडी बघत होती.

"मी त्यांनाच दिलंय मत," ती म्हणाली. "माझा नवरा द्यायचा, मी देते."

मी तिच्याकडे वळून बसलो. मग विचारलं की तरी तुम्ही त्यांनाच जाब विचारताय?

"म्हनून तं इचारते. माझं मत घेऊन गेलेत. मत दिलं, तोंड न्हाय दिलं."

दुसऱ्या दिवसापासून लिलाव संपला की भोंगा खरखरायचा. "मी पोलीस पाटील बोलते. निवडनुकीतला इशारा अजून उतरलेला न्हाय. मी इचारलंय. उत्तर आलं न्हाय. आलं की सांगीन." एवढंच. न चुकता, रोज. पहिल्यांदा लोक हसले. मग कंटाळले. मग एक गंमत झाली. लोक एकमेकांना विचारू लागले की अरे खरंच, त्याचं काय झालं? आणि हा प्रश्न एकदा तोंडात आला की हसनमियांकडे संशयाने बघणं जड जाऊ लागलं. कारण आता संशय कुणाचा घ्यायचा, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं. एका सकाळी सगुणाबाय ठाण्यात गेलेली असताना होडी आली. दोर उडाला आणि कुणीतरी झेलला. कोण ते मी सांगत नाही, कारण त्यालाही ते कुणी सांगितलेलं आवडणार नाही. घरी त्याला बाटलीवरून अजून बोलणी बसत होती.

वरून प्रश्नाचं उत्तर आलं नाही, पण तिच्याबद्दल विचारणा झाली. लोकांत संभ्रम पसरवते, असं. मुदत संपली तेव्हा नेमणूक पुढे वाढली नाही. कारण लेखी कुणी दिलं नाही, आणि तिनेही रडगाणं गायलं नाही. म्हणाली, "माझा बावटा तरी उतरवला. बरं झालं." भोंगा सोसायटीच्या खोलीत कुलपात गेला. ती पाटी घेऊन लिलावात बसू लागली आणि संपता संपता उभी राहून तेच वाक्य भोंग्याशिवाय म्हणू लागली. तिला भोंग्याची गरज कधीच नव्हती.

काविळीने गेली. अलिबागला दवाखान्यात मी भेटलो तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. हसनमिया आधीच पायाशी बसलेले होते, शहाळं घेऊन. मला बघून तिने विचारलं, "पत्रक्या, उतरला काय रं?" तिला बरं वाटावं म्हणून हो म्हणावं असं एक क्षण मनात आलं. पण या बाईसमोर जे माहीत नाही ते सांगण्याची सोय नव्हती. मी म्हणालो, "न्हाय, बाय." तिने मान हलवली, जणू मी उत्तर बरोबर दिलं होतं. "मंग इचारत ऱ्हा."

तिला नेलं त्या दिवशी कोळीवाडा, बौद्धवाडी, मोहल्ला एकाच वाटेने तिच्यामागे चालले. होड्या बाहेर गेल्या नाहीत. कुणी बंदी केली नव्हती.

यंदा पुन्हा निवडणूक लागली. पुन्हा इशारा आला, पुन्हा जेटीवर खुर्ची आली, आणि पाठोपाठ रिक्षा आली. शत्रू खाडीत आहे, शेजारी आहे, अमुक चिन्ह, तमुक बटण. मी खिशातलं पत्रक चाचपत पुढे झालो. या वेळी माझा मथळा तयार होता, आणि तो प्रश्न होता.

पण मला उशीर झाला. लिलावात बसलेल्या बायकांनी वर मान करून रिक्षाकडे पाहिलं होतं. अनंताच्या बायकोने कोळंबी निवडता निवडता, हात न थांबवता ड्रायव्हरला विचारलं, "मागचा उतरला काय?"

तो नवा होता. त्याला काही कळलं नाही. त्याने भोंगा बंद केला आणि म्हणाला, "मागचा कुठला, मावशी?"

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मागे हसनमियांची होडी धक्क्याला लागत होती, दोर कुणाच्या तरी हातात पडला होता.

"जा," ती म्हणाली. "इचारून ये. आमी हितंच हाव."